पहिलटकरीण

"मग, आज बाळ कसंय?" असं माधुरी मॅडमनी फोनवर विचारलं तेव्हा माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. तो तसाच गिळला आणि हसत हसत सांगितलं, "मॅडम, लई गुणी झालंय बगा!"

कारखान्यातली जेवणाची सुट्टी होती. इचलकरंजीला शर्टांच्या कारखान्यात मी कॉलरी लावायचे. गुरुवार असला की डबा उघडायच्या आधी फोन मांडीवर घेऊन बसायची माझी सवय, आणि त्यावरून मला छेडायची बाकीच्या बायकांची सवय. "राजश्रीच्या पुण्याच्या नणंदेचा फोन आला गं," असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळ्या कान टवकारून बसायच्या.

"गुणी म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"म्हंजे आता त्रास न्हाई वो देत. आधी नुसता धिंगाणा. मी मशिनीवर बसले की ह्येच्या लाथा सुरू. बापावर गेलंय म्हणायचे सगळे. आता कसं, अगदी गप. शहाण्यासारखं."

पलीकडून काही ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली.

"हॅलो? मॅडम?"

"राजश्रीताई, गप म्हणजे किती गप? आज सकाळपासून हललंय?"

मी आठवून बघितलं. सकाळी पाणी भरलं, डबा केला, चालत आले. "आज न्हाई."

"काल?"

"काल... परवा भाकरी थापताना एकदा हललं की. चांगलं टुणकन."

"बरं." त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "डबा बाजूला ठेवा. जवळ काही गोड आहे? गूळ, साखर, काहीही. ते खा आणि डाव्या कुशीवर आडव्या व्हा. मी फोन ठेवत नाही. गाडी पाठवायला सांगते, पण तुम्ही घाबरू नका."

घाबरू नका म्हटलं की माणूस घाबरायचं थांबत असतं तर काय पाहिजे होतं! बायकांनी कापडाच्या गठ्ठ्यांवर मला निजवलं. कुणीतरी चहाच्या टेबलावरची साखर मुठीत घालून आणली. मी ती चघळत पडले, एक हात पोटावर आणि एका हातात फोन. एवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली, पलीकडच्या ओळीतल्या मशिनी सुरू झाल्या, खालची फरशी थरथरली, आणि मी ओरडले, "हललं! मॅडम, हललं!"

मग कुणीतरी जाऊन मशिनी बंद केल्या. आणि काहीच हलत नव्हतं.

*

गुणी हा शब्द माझा नव्हता. तो आत्तींचा होता.

आमच्या घरात सासूला आत्ती म्हणतात. माझ्या आत्ती मिरचीच्या डंकावर कामाला होत्या. उभा जन्म मिरची कुटण्यात गेल्यामुळं की काय, त्यांच्या जिभेलाही ठसका होता. लग्न ठरवायला आल्या तेव्हा मला चालून दाखवायला लावलं आणि माझ्यादेखतच म्हणाल्या, "रंग बरा हाय, पर चालती बग कशी, दावं तोडल्यागत." कौतुक हा प्रकारच त्यांच्याकडं नव्हता. पोटचा एकुलता मुलगा, माझा नवरा महिपती, मागावर राबून पगार हातात ठेवायचा तर म्हणायच्या, "ठेव तितं." बास. एवढ्यात सगळं आलं.

मला दिवस गेल्यावर मात्र त्या माझ्याभोवती घिरट्या घालायला लागल्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण माझी आई मी शाळेत असतानाच गेलेली आणि घरी भावजय स्वतःच लेकुरवाळी. मी एकदा चुलीपाशी बसून त्यासाठी रडत होते तर आत्ती म्हणाल्या, "रडतीस कशाला? माहेर म्हंजे काय भिंती असत्यात व्हय? मी करतो की तुझं." आमच्याकडच्या बायका पुरुषासारख्या 'करतो, जातो' म्हणतात, त्यातल्या त्या. आणि खरंच केलं त्यांनी. डिंक, खारीक, अळीव मागवून ठेवलं, ओवा निवडून ठेवला, बाज विणून घेतली. बाळंतिणीचं सगळं आणलं. बाळाचं मात्र काही आणू दिलं नाही.

कारखान्यानं आम्हा बायकांसाठी मातृसाथ नावाची एक आरोग्य योजना घेतली होती. कार्ड मिळालं होतं. त्यावर तपासण्या फुकट, सोनोग्राफी फुकट, अडीअडचणीला दारात गाडी, बाळंतपणाची रजा. आणि बाळ झालं की योजनेकडून बाळंतविडा. कार्डावर 'पहिलटकरीण' या शब्दापुढं खूण केलेली होती. पहिलटकरणीला दर गुरुवारी पुण्याहून फोन यायचा, दुसरं-तिसरं असलं तर महिन्यातून एकदाच. हे ऐकल्यावर आत्ती म्हणाल्या होत्या, "का? दुसऱ्या टायमाला बाई लोखंडाची हुती व्हय?"

सातव्या महिन्यात माधुरी मॅडमनी फोनवर विचारलं, "बाळंतविडा आधी पाठवायचा की बाळ झाल्यावर? आधी मागवला तर हाताशी राहील."

मी घरी होते, फोनचा आवाज मोठा होता. आत्ती परसातून ओरडल्या, "जन्मल्याबिगर घरात एक लंगोटंसुदिक येता कामा नये! सांग तिला!"

मॅडम हसल्या. "ऐकलं. नंतर असं लिहिते मग. दवाखान्यातून कळलं की आपोआप निघेल."

तर त्या आठवड्यात, त्या गुरुवारच्या आधी, मी भाकरी थापत होते. आत्तींनी येऊन माझ्या पोटावर हात ठेवला. रोजचीच सवय, हात ठेवायचा, लाथ बसली की "मेलं, कसं उसळतंय बग," म्हणायचं आणि खूश होऊन जायचं. त्या दिवशी हात बराच वेळ ठेवला. मग म्हणाल्या, "गप हाय की आज. गुणी झालं माझं बाळ. आईला काम करू देतंय."

माझं बाळ म्हणाल्या. गुणी म्हणाल्या. त्या घरात आल्यापासून कौतुकाचा पहिला शब्द मी ऐकला, तोही माझ्या पोटातल्या जिवाला. मला इतका आनंद झाला की तो शब्द मी कारखान्यात चार जणींना सांगितला, आणि गुरुवारी मॅडमना.

*

गाडी खरोखरच लवकर आली. ते खोटं बोलायला नको. योजनेनं जे जे कबूल केलं होतं ते सगळं दिलं. दवाखान्याच्या दारात खुर्ची तयार होती, डॉक्टरीणबाई तयार होत्या, कुणी कागद मागितला नाही की थांबवलं नाही. महिपती मागावरून तसाच आला होता, केसांत कापसाची भुरी घेऊन. आत्ती डंकावरून आल्या. त्या आत शिरल्या आणि नर्सला शिंका आल्या.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. मग यंत्राचा पडदा माझ्याकडं होता तो हळूच स्वतःकडं वळवला.

"राजश्री," त्या म्हणाल्या, "बाळाचे ठोके मिळत नाहीत गं."

"मिळतील की," मी म्हणाले. "जरा नीट बगा बाई. गुणी झालंय ते. गप बसतंय."

दाराशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मान वळवून बघितलं तर आत्ती होत्या. त्या पडल्या नव्हत्या, खाली बसल्या होत्या. फतकल मारून, दवाखान्याच्या फरशीवर, दोन्ही हात तोंडावर धरून.

मला वाटलं होतं, आता मला भूल देतील आणि उठेन तेव्हा सगळं झालेलं असेल. तसं नसतं. कळा द्याव्या लागतात. जिवंत बाळाला देतात तशाच, तेवढ्याच, आणि शेवटाला कुणी रडणार नाही हे माहीत असून. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोकळी झाले. खोलीत इतकी शांतता होती की खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू येत होता.

"मुलगी," नर्स म्हणाली. मग विचारलं, "बघायचं का हिला?"

"नको," महिपती घाईघाईनं म्हणाला. "दाखवू नका तिला. नको."

मी डोळे मिटून पडले होते आणि उघडायची ताकद नव्हती. पावलं ऐकली, आत्तींची. त्या काहीतरी उचलून बाहेर गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या तेव्हा मी डोळे उघडले. त्यांच्या हातात काही नव्हतं आणि लुगड्याचा पदर एका बाजूनं उभा फाटलेला होता. गाडीच्या दारात अडकला असेल, एवढाच विचार मनात आला. महिपती आणि त्याचा एक दोस्त तोवर निघून गेले होते, कुठं ते मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

*

घरी आल्यावर आत्तींनी पहिलं काम काय केलं, तर माझ्या कानाला रुमाल बांधला. बाळंतिणीच्या कानाला वारा लागू नये म्हणून बांधतात तसा, हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ.

मी तो ओढून काढला आणि फेकला. "कशाला ही सोंगं? कोण बाळंतीण हाय हितं?"

त्यांनी तो उचलला, घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बांधायला आल्या. मी परत फेकला.

"बाज टाकलीया," त्या म्हणाल्या. "शेक घ्यायचा."

तेव्हा मी बोलले. "तुम्हीच म्हटला गुणी. पोटावर हात ठिवून म्हटला. मला वाटलं, तुमाला कळतंय."

कुणी अर्धं वाक्य बोललं तर उरलेलं अर्धं त्याच्या तोंडावर फेकणारी ही बाई रुमालाची घडी हातात घेऊन तशीच परसात गेली. त्यानंतर आम्ही दोघी एका घरात होतो, पण बोलत नव्हतो. त्या ताट वाढून ठेवायच्या, मी भिंतीकडं तोंड करून पडलेली असायचे.

खरं सांगायचं तर राग हा एक कोपरा होता. बाकीच्या सगळ्या मनात एकच होतं. कशी दिसत होती? मी तिला आठ महिने वागवलं आणि मला तिचं नाकसुद्धा माहीत नव्हतं. घरात ते माहीत असणारं माणूस एकच होतं, आणि नेमकं त्याच माणसाशी मी बोलत नव्हते.

अशातच खोकं आलं. महिपतीनं दार उघडलं, सही केली, आणि वर काय लिहिलंय ते वाचून तिथंच थांबला. 'अभिनंदन! बाळ-बाळंतिणीस मातृसाथकडून प्रेमाची भेट.' दवाखान्यातून बाळंतपण झाल्याचं कळलं होतं, म्हणून आपोआप निघालं होतं. आम्हीच तसं सांगितलं होतं.

"परत पाठवतो," तो म्हणाला. "मी देऊन येतो."

"आण हिकडं," आत्ती म्हणाल्या.

"आये, नगं."

"आण म्हणतो न्हवं?"

त्यांनी खोकं जमिनीवर ठेवून उघडलं. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते, पण कान तिकडंच. वरचं सगळं त्यांनी एकेक करून काढलं आणि बाजूला ठेवलं. झबली, लंगोटं, कुंची, दुपटं, इवलीशी मच्छरदाणी. एक झबलं हातात घेऊन त्या किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. मग खालचं निघालं. तेल, डिंक, अळीव, पोटाला बांधायचा सुती पट्टा, कानाला बांधायचा रुमाल.

"हे वरचं जाऊ दे, कुणाच्या तरी लेकराला लागंल," त्या महिपतीला म्हणाल्या. "खालचं तिचं हाय. ते ठेवायचं."

आणि त्याच दुपारी माझ्या अंगावर दूध आलं. कुणी पिणारं नाही हे शरीराला कोण सांगणार? पोलकं भिजलं, छाती दगडासारखी झाली, आणि मी दातांखाली पदर धरून पडून राहिले. महिपतीला सांगायची लाज वाटत होती आणि आत्तींना सांगायचं नव्हतं.

*

गुरुवार आला. फोन वाजला. महिपतीनं नाव बघितलं आणि तो बंद करायला गेला, तर आत्तींनी त्याच्या हातातून काढून घेतला. त्यांना फोन कानाला लावून बोलायला जमायचं नाही. आवाज मोठा करून, हात लांब धरून त्या ओरडून बोलायच्या.

"बोला!"

"मावशी," माधुरी मॅडम म्हणाल्या. आवाज जड होता. "मला कळलं सगळं. त्या दिवसापासून... आणि ते खोकं गेलं, त्याची मी माफी मागते. मी थांबवायला हवं होतं."

"व्हय. मग?"

"मग असं की, कार्यालयातून सांगितलंय, आता हे फोन बंद करायचे. घरच्यांना उगाच त्रास नको म्हणून. मला बाळाविषयीचेच प्रश्न दिलेले असतात विचारायला. दूध पितं का, वजन किती, लस दिली का. तर पुढच्या गुरुवारपासून—"

"का बंद?" आत्ती म्हणाल्या.

"मावशी, बाळ..."

"बाळ न्हाई ते ठावं हाय मला. मी हातात घेतलंतं. पर बाळंतीण हाय की घरात! नऊ म्हयने भरत आलं हुतं. कळा सोसल्या तिनं. अंगावर दूध आलंय पोरीच्या, पोलकं भिजलंय, मला सांगत न्हाई, पर मला काय डोळं न्हाईत? बाळ न्हाई म्हणून बाळंतीण न्हाई व्हय? मग कोण हाय ती? सांगा मला, कोण हाय?"

शेवटचं त्या इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं.

मग माधुरी मॅडम म्हणाल्या, "बाळंतीण आहे, मावशी. बाळंतीणच आहे." त्या रडत होत्या. रडतच सांगायला लागल्या, दूध पिळून काढू नका, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, फार आवळून बांधू नका, ताप आला तर लगेच दवाखान्यात आणा. कारखान्याला मी कळवते, तिला बाळंतपणाची रजा पूर्ण मिळते, कुणी लवकर बोलावलं तर माझं नाव सांगा. आणि मी फोन करीन. दर गुरुवारी.

"करा," आत्ती म्हणाल्या आणि फोन महिपतीकडं फेकला.

मी उठून बसले होते. आत्तींनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या परसात गेल्या, शेगडीत निखारे भरले, त्यावर ओवा टाकला, शेगडी आणून बाजेखाली सरकवली. पाणी गार करून पट्ट्या आणल्या. मी गेले आणि बाजेवर पडले.

ओव्याचा धूर वर येत होता. महिपती बाहेर गेला होता. आत्तींनी माझ्या पाठीला तेल लावायला घेतलं. मिरचीनं राठ झालेले हात. पण लावत होत्या हळूहळू.

"आत्ती," मी विचारलं, "कशी हुती?"

हात थांबला. मग पुन्हा फिरायला लागला.

"नाक तुझं हुतं," त्या म्हणाल्या. "नकटं. केस लई, काळंभोर, पार मानंपतुर. बोटं लांब हुती. महिपतीची बोटं हैत न्हवं, तसली. डाव्या कानामागं तीळ हुता. आणि ओठ असं मिटलंतं, काय तरी बोलायचं राहिल्यागत."

मी तोंड उशीत घातलं आणि ऐकत राहिले. त्या सांगत होत्या. पावलांचं सांगितलं, नखांचं सांगितलं. दुसऱ्या कुणाला एवढं दिसलं नसतं.

"अंगावर घालायला काय न्हवतं गं तिच्या," त्या म्हणाल्या. "नर्स म्हणाली, आज्जी, झबलं आणलंय? कुठलं आणणार? मीच म्हटलंतं न्हवं, एक लंगोटंसुदिक आणायचं न्हाई. मग पदर फाडला. त्यातच गुंडाळून दिली. मऊ हुतं लुगडं. जुनं हुतं."

आता त्यांचा आवाज नेहमीसारखा राहिला नव्हता. मी वळून बघायला गेले, पण त्यांनी माझी मान दाबून तशीच खाली ठेवली.

"महिपतीच्या आधी मला एक लेक हुती. त्यालाबी ठावं न्हाई. जन्मली ती रडलीच न्हाई. माझी सासू म्हणाली, गुणी हाय गं तुझी पोर, रडत न्हाई. सगळी म्हणायची गुणी, गुणी. मलाबी बरं वाटायचं. अंगावर वडायचीबी न्हाई नीट, तरी गुणी. तिसऱ्या दिशी गेली. चवथ्या दिशी मी डंकावर हुतो. बाळ न्हाई तर बाळंतीण कशाची, म्हणाली सासू. दुधानं छाती फुटत हुती आणि मी मुसळ मारत हुतो. मला कुणी शेक दिला न्हाई. दुखवट्याचं दोन शब्द कुणी बोललंबी न्हाई."

शेगडीतला निखारा फुटला.

"महिपती जन्मला ते बोंबलतच. तवा म्हटलं, बरं झालं. त्याला जल्मात कधी गुणी म्हटलं न्हाई मी. कुणालाच म्हटलं न्हाई. त्यो शब्दच तोंडात घेतला न्हाई. आणि त्या दिशी तुझ्या पोटावर हात ठिवला आणि कसा आला गं तोंडातनं? कुठनं आला?"

त्या मला विचारत होत्या. खरंच विचारत होत्या. इतके दिवस जो शब्द मी त्यांच्यावर दगडासारखा धरून बसले होते, तो त्यांच्याच अंगावर कधीपासून पडलेला होता. मी उठून बसले. त्यांच्या कमरेला खोचलेला रुमाल ओढून काढला आणि त्यांच्या हातात दिला. डोकं पुढं केलं.

त्यांनी गाठ मारली. नेहमीपेक्षा जरा घट्टच.

सव्वा महिना मी बाजेवर होते. लाडू खाल्ले, काढे घेतले, अंग शेकून घेतलं. गल्लीतल्या बायका दारातून डोकावायच्या, कानाचा रुमाल बघायच्या आणि तशाच पुढं जायच्या. दर गुरुवारी फोन यायचा. माधुरी मॅडम विचारायच्या, "जेवलात का?" आणि मी म्हणायचे, "व्हय." कधी कधी तेवढंच बोलणं व्हायचं.

*

आज माझा मुलगा शाळेत जातो आणि घर डोक्यावर घेतो. पण सांगायचं आहे ते तो पोटात असताना योजनेत नाव नोंदवायला गेलो त्या दिवसाचं. माधुरी मॅडम तोवर नोकरी सोडून लग्न करून गेल्या होत्या. कारखान्याच्या दवाखान्यात योजनेची एक नवीन मुलगी बसलेली, तरतरीत, बोटं भराभर चालवणारी. मी, महिपती आणि आत्ती समोर बसलो होतो.

"पहिलटकरीण?" तिनं मान वर न करता विचारलं.

मी महिपतीकडं बघितलं. महिपती माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "व्हय म्हण. न्हाईतर फोन महिन्यातनं एकदाच येतोय." त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. तो घाबरलेला होता. मीही घाबरलेले होते, दर गुरुवारी कुणीतरी विचारावं असं मला फार वाटत होतं.

"न्हाई," आत्ती म्हणाल्या. "दुसरी खेप हाय."

मुलीनं खूण बदलली. "बरं. पहिलं केवढं आहे?"

महिपती खाली बघायला लागला. आत्तींनी माझ्या पोटावर हात ठेवला, सगळ्यांसमोर, त्या मुलीसमोर.

"पहिलं लई गुणी हुतं," त्या म्हणाल्या. "ह्ये दांडगं निघू दे म्हंजे झालं."